बाबांनी तवा घासला

बिडाच्या तव्याला साबण लावायचा की नाही, हे मला आता कोणीही विचारू नये. सुनेनं कुरिअरनं एक तवा मागवला आहे, लांब दांड्याचा, खोक्यात मऊ कागदात गुंडाळून आलेला. तो आल्यापासून रोज सकाळी ती मोबाइलवर कुठल्या ना कुठल्या बाईचा व्हिडिओ लावते आणि माझ्या चष्म्यासमोर धरते. एक बाई म्हणते मीठ लावा, दुसरी म्हणते बटाट्याची फोड घासा, तिसरीचा तर स्वतःचाच तवा व्हिडिओत चिकटताना दिसतो आणि ती जगाला शिकवते. सून विचारते, "आई, तुमच्या माहेरी होता ना असा? मग नक्की करायचं काय?" मी सांगते. ती मान डोलावते आणि पुन्हा व्हिडिओ लावते. मग मी चिडते, आणि मुलगा आतल्या खोलीतून म्हणतो की आईला हल्ली फार पटकन राग येतो. हल्ली नाही बाळा. या एका विषयावर मला राग येतो तो किन्हीराजा गावातल्या माहेरच्या घरापासून, आणि त्याचं कारण तुझी बायको नसून माझे बाबा आहेत.

आमच्या घरी बिडाच्या दोन वस्तू होत्या, एक तवा आणि एक कढई. दोन्ही मायच्या माहेरच्या, अनसिंगहून आलेल्या. तवा जाड, उचलताना मनगट खाली ओढणारा, मध्ये किंचित खोलगट, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं इतका गुळगुळीत काळा की त्यावर बोट फिरवलं तर बोटाला काही लागायचं नाही. माय त्या दोन वस्तूंच्या बाबतीत भारी कडक होती. तव्यावर काम झालं की तो कोमट असतानाच कोरड्या फडक्यानं पुसायचा. काही चिकटलंच तर नुसत्या पाण्यानं धुवायचा, लगेच चुलीवर ठेवून पाणी आटवायचं आणि जवसाच्या तेलाचं बोट फिरवून खुंटीला लावायचा. राख नाही, वीट नाही, साबण नाही. कढईत चिंच, ताक, अंबाडी असलं आंबट शिजवायचं नाही. हे सगळं ती कधी कोणाला समजावून सांगत नसे. कोणी चुकलं की नुसती "अं हं" म्हणायची आणि हातातून वस्तू काढून घ्यायची. आता वाटतं, थोडं समजावून सांगितलं असतं तर माझं निम्मं वर्ष वाचलं असतं.

माय लग्नाआधी मॅट्रिक झाली होती. त्या वेळी आमच्या गावात मॅट्रिक झालेली सून म्हणजे कोणाचं पत्र आलं की वाचून द्यायला उपयोगी, एवढाच तिचा अर्थ. मी आठवीत आणि माझी धाकटी बहीण चंदी पहिलीत असताना मायचं वाशीमला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नाव लागलं. अर्ज बाबांनीच करायला लावला होता. आणखी थोडं थांबली असती तर वयाच्या अटीत बसली नसती. तिथेच वसतिगृहात राहायचं, एक आड एक रविवारी घरी यायचं, असं ठरलं. घरात तिच्या जाण्याला उघड विरोध बाबांच्या मोठ्या भावाचा, म्हणजे आमच्या मोठेबाबांचा. ते आणि मोठीमाय भिंतीपलीकडे राहत. वावर वेगळं, चूल वेगळी, पण मत एकच आणि तेही त्यांचं. ते ओसरीत बसून बाबांना म्हणाले, "नामदेव, बाई वाशीमले शिकन अन् तू इथी भाकरी थापशीन? लोक हासतीन बे."

बाबा म्हणाले, "थापीन. इंजिन खोलून बसवतो मी, भाकर काय मोठी गोष्ट हाय?"

हे त्यांचं नेहमीचंच. विहिरीवरचं डिझेल इंजिन बाबा स्वतः खोलत, साफ करत आणि पुन्हा जोडत, आणि त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू खोलली, घासली आणि तेल दिलं की सुरळीत चालते, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. माणूस प्रेमळ होता. हाताला विलक्षण गुण होता. पण ऐकून घेणं नावाची गोष्ट त्यांच्या अंगात नव्हती. तुम्ही वाक्याच्या मध्यावर असताना ते कामाला लागलेले असत.

माय गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कढईत अंबाडीची भाजी केली. मी शाळेतून आले तेव्हा ती शिजून तयार होती, दुपारपासून कढईतच होती, आणि तिचा रंग ओल्या कोळशासारखा झाला होता. घास घेतला तर जिभेवर खिळा ठेवल्यासारखं वाटलं. चंदीनं घास तोंडातून काढून थाळीच्या कडेला ठेवला. मी म्हणाले, "बाबा, माय या कढईत अंबाडी नाई करत." बाबा म्हणाले, "काहून?" मला काहून ते माहीत नव्हतं. "नाई करत, बस." "मंग कारन माहीत नसतानी कायले बोलतं व?" असं म्हणून त्यांनी ती सगळी भाजी स्वतः संपवली, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "लोह असते त्याच्यात. आंगाले चांगलं."

पण भाजीचा रंग त्यांच्या मनाला लागला असावा. त्यांनी असा निष्कर्ष काढला की भांडीच घाण आहेत. वर्षानुवर्षांची काजळी साचली आहे, ती अन्नात उतरते. सकाळी मी अंघोळीला गेले आणि बाहेर येते तर अंगणात बाबा उकिडवे बसलेले, समोर वाळू, विटेचा भुगा आणि नारळाचा काथ्या, आणि मांडीवर मायचा तवा. घासणं चाललेलं. धोतर गुडघ्याच्या वर, कपाळावर घाम. मी ओरडले. त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली आणि घासत राहिले. किती वेळ घासलं देव जाणे. मी शाळेत जाऊन दुपारी परत आले तेव्हा तवा राखाडी-पांढरा झाला होता आणि बाबा तो उन्हाकडे धरून फिरवत होते.

"पाह्य शोभे, कसा चमकून राह्यला! तुह्या मायले वाटन नवाच आनला."

मी तेव्हा रडले की नाही ते आठवत नाही. कढईही त्यांनी तशीच केली होती. पावसाळी दिवस होते, हवेला ओल होती. दोन्ही वस्तू त्यांनी धुऊन न्हाणीच्या कट्ट्यावर पालथ्या घातल्या. सकाळी उचलल्या तर दोन्हींवर लाल गंज, असा की बोट लावलं तर बोट कुंकवात बुडवल्यासारखं निघावं. बाबांनी बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "जंग चढला." जणू दुसऱ्याच कोणी चढवला.

त्या रविवारी माय घरी आली. बाबांनी तवा आणि कढई पोत्यात गुंडाळून कडब्याच्या गंजीमागे ठेवली होती आणि मोठीमायचा पत्र्याचा तवा मागून आणला होता. मला बजावलं होतं, चंदीलाही. माय आली, पेटी ठेवली, पदर खोचला, खुंटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तवा कुठी हाय?" बाबा म्हणाले, "मोठ्या वहिनीनं नेला, पाहुने आले त्यायच्याकडं." माय काही म्हणणार इतक्यात चंदी तिच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "माय, बाबानं तवा पांढरा केला, मंग लाल केला, मंग लपवला."

माय भांडली असती तर बरं झालं असतं. ती गेली, पोतं उघडून पाहिलं, पुन्हा तसंच बांधलं आणि आत येऊन पत्र्याच्या तव्यावर भाकरी टाकायला बसली. दिवसभर कामापुरतं बोलली. संध्याकाळच्या बसला निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तू जरा लक्ष ठेवजो व." म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे, आठवीतल्या मुलीकडे आलं. बाबांना ते ऐकू गेलं आणि ते दुखावले. त्यांचं दुखावणं शांत बसण्यातून दिसत नसे. ते कामाला लागत.

तवा पहिल्यासारखा करायचा, असं त्यांनी मनावर घेतलं. मग गावभर विचारणं सुरू झालं. मोठीमाय म्हणाली चिंच आणि राख. देवळापाशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, शेणात पुरून ठेवा. पिठाच्या गिरणीवरच्या माणसानं एरंडेल सुचवलं. बाबांनी सगळं केलं, एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येक वेळी आधीचं खरवडून काढायचं काम माझं. एकदा मी शाळेतून आले तर ते काळ्या तेलाचा डबा घेऊन तव्यापाशी बसलेले. मला तो डबा ओळखीचा वाटला. "बाबा! ते इंजिनाचं तेल हाय!" बाबा म्हणाले, "लोखंड ते लोखंड. इंजिनाले चालते त याले काहून नाई चालनार?" मी डबा हिसकावून घेतला आणि थेट वावरात नेऊन इंजिनाच्या खोलीत ठेवला. येताना रस्ताभर मी स्वतःशीच बडबडत होते. माझ्या वयाच्या मुली तेव्हा ठिक्कर खेळत होत्या.

शेवटी मी म्हणाले की माय जवसाचंच तेल लावते, तर आपणही तेच लावू. हे मात्र त्यांनी ऐकलं, आणि ऐकलं तेही असं की दुःखच झालं. माय बोटभर लावायची. बाबांनी विचार केला की बोटभर तेलानं एवढा काळा व्हायला वर्षं लागली, मग वाटीभर ओतलं तर आठवड्यात होईल. चूल भडकवली, तवा लाल होईस्तोवर तापवला आणि वाटी उपडी केली. धूर असा उठला की पहिल्यांदा छत दिसेनासं झालं, मग भिंत, मग बाबा. डोळ्यांतून पाणी, नाकात तेलाचा जळका वास. चंदीला मी अंगणात ढकललं. कौलांतून धूर बाहेर पडला आणि गल्लीत ओरडा झाला की नामदेवचं घर पेटलं.

मोठेबाबा धावत आले. हातात विहिरीच्या गार पाण्यानं भरलेली बादली. दारातून सरळ चुलीकडे निघाले. एवढं मला माहीत होतं की तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं. मायनं एकदा माहेरचा बिडाचा खल असाच तडकल्याची गोष्ट सांगितली होती. मी दारात दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"पानी नोका टाकू! तवा फुटन!"

"घर जळून राह्यलं अन् तवा काय पाह्यतं!"

"घर नाई जळत! तेल जळून राह्यलं! पानी नोका टाकू मोठेबाबा!"

पण बादली हातातून सुटायची वेळ आली होती, त्यांना आवरता आली नाही. सगळं पाणी माझ्या अंगावर आलं. आतून, धुरातून, बाबांचा आवाज आला, "कोन हाय? दार लावून घ्या, धूर बाहेर चालला." मी ओल्या परकरानं दारात उभी, समोर निम्मी गल्ली जमलेली, मोठेबाबा रिकामी बादली घेऊन धापा टाकत असलेले, आणि हा माणूस म्हणतो दार लावा! आजही कोणी शांतपणे उलटं काही बोललं की माझ्या अंगावर ते गार पाणी पडतं.

तेल जळून गेलं आणि तव्यावर उरला तो तपकिरी चिकट थर, गुळाच्या पाकासारखा. त्याला फडक्याचे धागे चिकटले, मुंग्या चिकटल्या, भाकरीचं पीठ चिकटलं. बाबा म्हणाले, आणखी एक हात द्यावा लागेल. म्हणजे पुन्हा तेल. त्यांनी तेल ओतलं आणि काडीपेटी शोधायला गेले. आणि माझं डोकं फिरलं. मी मायचं जुनं लुगडं फाडून ठेवलेलं होतं, त्याचा मोठा तुकडा घेतला आणि ते तेल पुसायला लागले. रागानं पुसत सुटले. एक तुकडा तेलकट झाला, दुसरा घेतला, तो झाला, तिसरा घेतला. मला त्या तव्यावर तेलाचा थेंब राहू द्यायचा नव्हता. बाबा आले, म्हणाले, "अवो, सारंच पुसलं तूनं! आता काय उरलं त्याच्यात?" मी म्हणाले, "काई नाई उरलं. ठेवा आता कोरडाच, अन् पाह्यत बसा."

त्यांनी ठेवला. मला वाटतं माझा चेहरा बघून ठेवला. या वेळी धूर झाला तो उदबत्तीएवढा. थोड्या वेळानं बाबांनी हाक मारली, "शोभे. ए शोभे. इकडं ये त." मी गेले नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली तेव्हा आवाज वेगळा होता, म्हणून गेले. तवा मध्ये अजून चिकटच होता. पण कडेच्या बाजूला, जिथे मी जास्त रगडलं होतं, तिथे तळहाताएवढा भाग काळा आणि कोरडा झाला होता. बाबांनी त्यावर बोट फिरवलं. मग माझं बोट धरून फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

आता सुनेला मी हेच सांगते. तेल लाव आणि सगळं पुसून टाक, आणि पुसून झालं असं वाटलं की पुन्हा पूस. जे डोळ्यांना दिसत नाही तेवढंच तव्याला लागतं. ती म्हणते, "एवढं सोपं?" सोपं! चुलीपुढे बसून पुसत राहायचं आणि शेजारी एक माणूस दर वेळी "अजून थोडं लावू का तेल?" विचारत असतो, हे तिला व्हिडिओतली बाई सांगत नाही. आम्ही तो चिकट थर खरवडून काढला आणि रोज शाळेआधी एक हात, वावरातून आल्यावर एक हात, असं सुरू केलं. बाबांनी पुसायचं, मी तपासायचं. ते ओलसर ठेवत, मी फडकं परत हातात देई. रोज भांडण. पहिली घंटा माझी रोज हुकायची आणि गुरुजी विचारायचे, "आज काय झालं?" मी काय सांगणार? माझ्या केसांना जवसाचा वास बसला होता. पण तवा हळूहळू काळा होत गेला. मध्यभागी विटेचे ओरखडे होते, ते गेले नाहीत. तव्यामागून कढईचीही पाळी आली. भाकरी निघायला लागली. बाबांच्या भाकरीला पापुद्रा यायला लागला, हे मला कबूल करावं लागेल.

आणि नेमकं तेव्हाच माय पेटी घेऊन परत आली.

झालं असं की मोठीमाय काही कामानं वाशीमला गेली होती, आणि तिनं वसतिगृहात जाऊन मायला सगळं सांगितलं. घर पेटता पेटता वाचलं. पोरगी शाळा सोडून तवे घासते. धाकटीचा नुसता हाडांचा सापळा उरला आहे. हे शेवटचं साफ खोटं होतं. चंदी तेव्हा चांगली गुटगुटीत होती, फोटो आहे माझ्याकडे. पण मायला ते ऐकवेना. तो रविवार नव्हता. मधल्याच दिवशी दुपारी ती बसमधून उतरली, पेटी आणि वळकटी घेऊन, आणि घरात शिरल्या शिरल्या म्हणाली, "मी आली. आता जात नाई." बाबा वावरातून येऊन हातपाय धूत होते. ते तसेच ओल्या हातांनी उभे राहिले.

बातमी भिंतीपलीकडे लगेच गेली. मोठेबाबा आणि मोठीमाय आले. मोठेबाबा ओसरीत बसले आणि म्हणाले, "बरं झालं. बाईनं शहानपन केलं." मायनं पदर खोचला आणि चुलीकडे निघाली.

बाबा आडवे आले. "तिकडं नोको जाऊ."

"काहून?"

"आज सयपाक माह्याकडं हाय. बस तू तिथी."

"अवो सरका. पोट्टीयचे हाल करून ठेवले तुमी, आता पुरे झालं."

"बस मनलं ना."

बाबा मायवर आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही, पण सरकले नाहीत. चुलीपुढे बसले, तवा ठेवला आणि मला म्हणाले, धिरड्याचं पीठ कालव. भाकर वेगळी आणि धिरडं वेगळं. धिरडं आम्ही त्या तव्यावर अजून एकदाही केलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "बाबा, भाकरच करा ना." ते म्हणाले, "पीठ कालव." मी ज्वारीच्या पिठात मिरची-कोथिंबीर घालून कालवलं. मोठीमाय दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

पहिलं धिरडं चिकटलं. बाबांनी सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, कडेनं सोडवायचा प्रयत्न केला, तसा त्याचा मध्यभाग तव्यालाच राहिला आणि उरलेलं गोळा होऊन आलं. मोठेबाबा ओसरीतून बघत होते, ते मोठ्यानं हसले. मायचा हात आपोआप पुढे आला. बाबांनी तो मनगटाला धरून बाजूला केला, चिकटलेलं खरवडलं, तवा फडक्यानं पुसला, तेलाचं बोट फिरवलं आणि पुन्हा पुसलं. फडकं मी मागायच्या आधी त्यांनीच दुसऱ्यांदा फिरवलं. मग चुलीतली लाकडं थोडी मागे ओढली आणि दुसरं धिरडं घातलं. त्याच्या कडा सुटायला लागल्या. बाबांनी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना थांबलेलं पाहिलं. मग सराटा खाली घातला आणि धिरडं पूर्ण उचललं गेलं, खालून तांबूस, जाळीदार. त्यांनी ते थाळीत घालून मायसमोर ठेवलं.

माय खाली बसली. चुलीपुढे बसून दुसऱ्याच्या हातचं गरम खाण्याची तिला सवय नव्हती, थाळी कशी धरावी हेच तिला कळेना. तिनं तुकडा तोडला आणि खाल्ला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"मीठ कमी हाय म्हनून कोनी ट्रेनिंग सोडते का?" बाबा म्हणाले.

"ट्रेनिंग मिठासाठी नाई सोडली. लेकरायसाठी सोडली." मग ती माझ्याकडे वळली. "शोभे, तू सांग. खरं सांगजो, कोनाले भेऊ नोको. होते का तुमचं माह्याबिगर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोठेबाबा, मोठीमाय, बाबा सराटा हातात धरून. मला माय हवी होती. वेणी तिच्याच हातची नीट पडते. अंगात ताप असला की बाबा औषध देतात आणि निघून जातात, माय बसून राहते. खरं सांगायचं तर "नाही" हा एकच शब्द पुरला असता. पण त्या एका शब्दानं मायचं शिकणं कायमचं सुटेल हेही मला दिसत होतं, आणि सगळ्यात आधी मला आला तो राग.

"नाई होत," मी म्हणाले. "रोज भांडन होते. बाबा कोनाचं आयकत नाईत. माह्या केसायले वास येते, माही पहिली घंटा रोज बुडते, गुरुजी रागावतात. पुसून पुसून माह्ये हात पाह्य कसे झाले. अन् आता कुठी तवा सुधारला, बाबाले भाकर जमली, त तू पेटी घेऊन आली! मंग येवढे दिवस मी कायले पुसलं? तू मास्तरीन होनार नाई, बाबा पुन्हा इंजिनापाशी जाऊन बसतीन, अन् मी येडी! जायचं असन त जाय ना पुरी शिकून ये! अर्ध्यातून कायले येतं व?"

शेवटी शेवटी माझा आवाज फाटला. मोठीमाय म्हणाली, "बाप्पा, काय तोंड हाय पोट्टीचं!" बाबांनी खाली मान घातली. मायनं माझे दोन्ही हात ओढून घेऊन उलटसुलट करून पाहिले. मग तिनं थाळीतलं उरलेलं धिरडं संपवलं, थाळी बाबांपुढे सरकवली आणि म्हणाली, "आनखी एक घाला. मीठ टाकून."

ती त्या दिवशी चार घास जास्तच जेवली. नंतर मला पुढ्यात घेऊन तिनं वेणी घातली, वासाबद्दल काही बोलली नाही. मोठेबाबांना बाबांनी धिरडं दिलं. ते त्यांनी नको नको म्हणत खाल्लं आणि जाताना म्हणाले, "नामदेव, धूर करू नोको बे पुन्हा." त्यांच्याकडून यापलीकडे काही मिळणं शक्यही नव्हतं.

माय पुढे पास झाली. आसपासच्या गावांतून तिनं इतकी वर्षं शिकवलं की अजूनही वाशीमच्या बाजारात पांढऱ्या केसांचा एखादा माणूस मला थांबवतो आणि "बाईंची मुलगी ना तुम्ही?" विचारतो. ती घरी आल्यावरही चूल पूर्णपणे तिच्याकडे परत गेली नाही. बाबांनी ती सोडलीच नाही. तवा नेमका किती पुसायचा यावरून ते दोघं शेवटपर्यंत भांडले, आणि दोघंही मला साक्षीला बोलवायचे. तवा आता चंदीकडे अकोल्याला आहे. ती त्याला साबण लावते. मी तिच्याकडे गेले की स्वयंपाकघरात जातच नाही.

त्या धिरड्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायला बसवर पोचवायला गेलो. बाबांनी पेटी डोक्यावर घेतली आणि भर गावातून, पारापुढून चालत निघाले. पारावर बसलेल्यांपैकी कोणी काही बोललं की नाही ते मला आठवत नाही. वळकटी माझ्याकडे होती आणि ती सारखी सुटत होती, त्यामुळे माझं तिकडे लक्ष नव्हतं. बस आली. माय खिडकीशी बसली. आता निरोपाचं काहीतरी बोलणं होईल म्हणून मी थोडी बाजूला सरकले. बाबा खिडकीजवळ गेले, गज धरले आणि म्हणाले, "तिथल्या मेसमधला तवा कसा ठेवतात व? मी सांगतो आयक. आंधी तेल लावाचं, मंग सारं पुसून टाकाचं. लोक काय करतात, पुसतच नाईत."

"अवो, मी तिथी शिकाले चालली, तवे पुसाले नाई."

"पन सांगजो त्यायले. कोमट असतानी पुसाचं. अन् एकदा पुसलं की..."

मायनं काच ओढून घेतली. कंडक्टरनं घंटी दिली आणि बस हलली. बाबा बसबरोबर चालायला लागले, एक हात वर करून, काचेतून तिला दिसावं म्हणून हवेत फडकं फिरवल्यासारखा हात गोल गोल फिरवत. काचेआड मायनं पदर तोंडाला लावला होता. शेजारच्या बाईनं तिला काहीतरी विचारलं, आणि मायनं बाबांकडे बोट दाखवलं. बस वळणावर गेली. मी बाबांना बाहीला धरून रस्त्याच्या मधून ओढलं आणि म्हणाले, "बाबा, गेली बस."

"दिसते मले," बाबा म्हणाले. हात अजून वरच होता.